ठाण्याच्या मिश्र रस्त्यांसाठी हँडल कोणतं: सरळ, मागे वळलेलं की ड्रॉप?

ठाण्यातली सकाळची साधी फेरी घ्या. उपवनपासून येऊरचा चढ, परतीचा वळणावळणाचा उतार, चौकातले उचकटलेले पेव्हर ब्लॉक, मग घोडबंदर रोडची गर्दी आणि गायमुखच्या घाटातले खड्डे. डांबर, खडी, माती आणि ट्रॅफिक, सगळं एकाच सकाळी. अशा रस्त्यांसाठी हँडल निवडताना वेग आणि दिसणं मागे ठेवा. आधी बघा, हात जिथे सर्वांत जास्त वेळ असतात तिथे ब्रेक बोटांखाली आहे का. मग बघा, तासाभरानंतर मनगट आणि करंगळी कशी आहे.

हायब्रिड (रोड आणि माउंटन बाइकचा मेळ) आणि एमटीबीवर (माउंटन बाइकवर) येणारं सरळ हँडल पहिल्या कसोटीवर पूर्ण उतरतं. हात एकाच जागी, ब्रेक लिव्हर कायम दोन बोटांखाली. कापूरबावडीला रिक्षा अचानक डावीकडे घुसते तेव्हा याची किंमत कळते. रुंदीमुळे खडीवर पुढचं चाक भरकटलं तरी सावरता येतं. पण एमटीबीची ७४० ते ७८० मिमी रुंदी गाड्यांच्या आरशांमधून नेताना नकोशी होते. शहरात ६४० ते ६८० मिमी पुरते, खांदे रुंद असतील तर थोडी जास्त. दुसऱ्या कसोटीवर मात्र हे हँडल कमी पडतं. हाताला जागा एकच, आणि तीही मनगटाला फारशी सोयीची नाही.

हे घरी तपासता येतं. दोन्ही मुठींत एकेक पेन धरा, डोळे मिटा आणि सायकलवर असल्यासारखे हात पुढे करा. पेनं एका सरळ रेषेत राहत नाहीत, त्यांची बाहेरची टोकं तुमच्याकडे वळतात. सरळ हँडल साधारण ५ ते ९ अंशच मागे वळलेलं असतं, म्हणून उरलेला फरक मनगट मुरडून भरून काढतं. त्यात तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूवर भार आला की तिथली अल्नर नस दबते आणि शेवटच्या दोन बोटांना मुंग्या येतात.

म्हणूनच १५ ते २० अंश मागे वळलेलं हँडल मला या शहरासाठी सर्वांत योग्य वाटतं. आपल्याकडे त्याची चर्चा फार होत नाही, याचं वाईट वाटतं. मूठ नैसर्गिक कोनात बसते, कोपरं सैल राहतात, खड्ड्याचा दणका थेट खांद्यापर्यंत जात नाही. पकडीचा व्यास सरळ हँडलइतकाच, २२.२ मिमी, त्यामुळे तुमचेच ब्रेक लिव्हर, शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) आणि ग्रिप त्यावर चढतात. सहसा केबलही बदलावी लागत नाही. हात थोडे जवळ येतात, म्हणून काही वेळा स्टेम (हँडलला पुढच्या फोर्कशी जोडणारा तुकडा) १० ते २० मिमी लांब लागतो.

४५ अंशांपर्यंत वळलेली हँडलंही मिळतात. जुन्या काळ्या सायकलींवर दूधवाले ज्या ताठ बैठकीत बसायचे, तिच्या जवळ जाणारी ही बैठक. सपाट रस्त्यावर ती फार सुखाची. पण येऊरच्या चढावर उभं राहून पेडल मारताना गुडघे हँडलला लागू शकतात, आणि खडबडीत उतारावर पुढच्या चाकावर हवा तेवढा भार येत नाही. रमतगमत फिरणाऱ्यांनी जरूर घ्यावं. मिश्र रस्त्यांसाठी मी एवढ्या कोनापर्यंत जाणार नाही.

पाठ किंवा मान दुखत असेल तर १५ ते ४० मिमी उंची देणारं रायझर हँडल बघा. त्याआधी स्टेमवरचे स्पेसर (कड्या) स्टेमच्या खाली घेऊन किंवा स्टेम उलटा लावून उंची मिळते का, तेही पाहा. फार उंच केलं तर तीव्र चढावर पुढचं चाक हलकं पडतं.

आता ड्रॉप बार, म्हणजे रेसिंग सायकलचं टोकं खाली वळलेलं हँडल. नाशिक हायवेने पडघा, शहापूरकडे लांब जाणाऱ्यांना त्याचं आकर्षण असतं आणि ते रास्त आहे. वर, हूडवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी माथ्यावर) आणि खाली अशा पकडीच्या तीन जागा मिळतात, हात बदलत राहिलं की थकवा वाटला जातो, समोरून वारा असेल तर खाली वाकता येतं. ४० ते ४४ सेंमी रुंदी गर्दीतून सहज निघते. अडचण ब्रेकची आहे. वरच्या आडव्या भागावर हात असताना ब्रेक हाताशी नसतो. हूडवरून तो लागतो, पण पूर्ण जोर खालच्या पकडीतच मिळतो. पावसाळ्यात ओल्या पानांवरून येऊर उतरताना खालची पकड धरायची सवय नसेल, तर हात लवकर दमतात. खडी-मातीवर जायचं असेल तर खालची टोकं बाहेर फाकलेला, १२ ते २० अंश फ्लेअरचा ड्रॉप घ्या. खालची पकड रुंद झाल्याने सायकल जास्त ताब्यात राहते.

पण आहे त्या हायब्रिडवर ड्रॉप बसवण्याच्या फंदात पडू नका. ड्रॉपचा पकडीचा व्यास २३.८ मिमी, म्हणजे जुने लिव्हर आणि शिफ्टर बसणारच नाहीत. व्ही-ब्रेकला (रिम दोन्हीकडून दाबणाऱ्या लांब हातांच्या ब्रेकला) जेवढी केबल ओढावी लागते, तेवढी साधे रोड लिव्हर ओढत नाहीत. डिरेलरचं (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचं) गणितही बऱ्याचदा जुळत नाही. शिवाय सरळ हँडलच्या फ्रेमची वरची नळी लांब असते. हूड आणखी पुढे गेल्यावर अंग ताणलं जातं, आणि आराम मिळवायला केलेल्या खर्चातून मानदुखी पदरात पडते. ड्रॉप हवाच असेल तर त्यासाठीच बनवलेली ग्रॅव्हल (खडी-मातीवर चालणारी) सायकल घ्या.

फुलपाखराच्या आकाराच्या बटरफ्लाय हँडलला पकडी भरपूर, लिव्हरही जुनेच चालतात. मात्र ते जड आणि खड्ड्यांत थोडं लवचिक वाटतं. गुळगुळीत रस्त्यावरच्या लांब प्रवासासाठी ठीक.

काहीही विकत घेण्याआधी टायरमधली हवा आणि सीट तपासा. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातांवर येतो. टायर दगडासारखे फुगवले असतील तर कोणतंही हँडल झटके थांबवणार नाही. फ्रेममध्ये जागा असेल तर ३८ ते ४० मिमीचे टायर थोड्या कमी हवेवर चालवून पाहा. तळहाताला रुंद टेकू देणारे ग्रिपही लावून बघा, हँडलपेक्षा बरेच स्वस्त पडतात.

तरीही मुंग्या येत राहिल्या तर हँडल बदला. ऑर्डर देण्याआधी स्टेम पकडतो तिथला व्यास मोजा: २५.४ मिमी की ३१.८ मिमी, ही दोन मापं एकमेकांत चालत नाहीत. नवं हँडल रुंद वाटलं तर लगेच करवत लावू नका. आधी ग्रिप आणि लिव्हर दोन्हीकडून सारखेच आत सरकवून काही दिवस चालवा, मग दोन्ही टोकांकडून पाच-पाच मिमी असं कमी करत जा. लिव्हर मनगटाच्या सरळ रेषेत येईल इतका खाली वळवा, आणि स्टेमचे बोल्ट त्यावर छापलेल्या न्यूटन-मीटरच्या आकड्याइतकेच, आलटूनपालटून आवळा.