वाय-फाय सुरक्षित करून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

माझी थोरली बहीण सांगलीत घरी राहून पुण्यातील एका कंपनीचे हिशेबाचे काम करते. तिच्या बाबतीत जे घडले ते तिच्या संमतीने लिहीत आहे, कारण फसवणाऱ्याने जी भीती वापरली ती घरून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात थोडीफार असतेच.

फोन करणाऱ्याने आपण इंटरनेट कंपनीच्या तांत्रिक विभागातून बोलत असल्याचे सांगितले. "मॅडम, तुमच्या वाय-फायमध्ये बाहेरची माणसे शिरली आहेत, ऑफिसच्या फायली बाहेर जात आहेत, आजच बंदोबस्त केला नाही तर कनेक्शन बंद करावे लागेल," असे तो अतिशय नम्रपणे म्हणाला. मग त्याने पुरावे दाखवायला सुरुवात केली. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायला सांगितले आणि राउटरचे पान उघडले. परंतु हा पत्ता असंख्य राउटरांना कारखान्यातूनच दिलेला असतो. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकातील घडामोडींची आणि त्रुटींची नोंदवही, उघडायला लावून त्यातील लाल खुणा दाखवल्या. त्या व्यवस्थित चालणाऱ्या विंडोज संगणकावरही साचलेल्या असतात. शेवटी नेटस्टॅट ही आज्ञा द्यायला लावली आणि पडद्यावर आलेले अनोळखी आकडे म्हणजेच घुसखोर, असे सांगितले. वास्तविक संगणकाचे इंटरनेटवर जे नेहमीचे संपर्क चालू असतात, त्यांचीच ती यादी असते. तिन्ही गोष्टी ताईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, म्हणून त्याने लावलेला अर्थही तिला खरा वाटला. या फसवणुकीचे बळ माझ्या मते इथेच आहे.

त्यानंतर राउटर तपासण्यासाठी म्हणून मोबाईलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे एक ॲप त्याने घ्यायला लावले, आणि 'सुरक्षा नोंदणी'चे दहा रुपये भरण्यासाठी दुवा पाठवला. तिथे तिने भरलेला कार्डाचा तपशील आणि पाठोपाठ आलेले ओटीपी त्याला समोर दिसत होते. फोन चालू असतानाच तिच्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक रक्कम खात्यातून गेली.

ताईने लगेच बँकेला कळवून कार्ड बंद केले, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि ऑफिसलाही सांगितले. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे तपशील दुसऱ्याच्या हाती गेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे असते. म्हणून घरात आधी चर्चा करत बसू नये, फोन करावा. ऑफिसला सांगण्याची लाज वाटते हे मी समजू शकतो, पण तिच्या कंपनीने तिची सगळी लॉगिन तत्काळ बंद केली, त्यामुळे तिथवर धोका पोहोचला नाही.

मुळात ऑफिसच्या फायली बाहेर जात असल्याचा त्याचा दावाही पोकळ होता. ताईचे काम व्हीपीएन या सुरक्षित जोडणीतून चालते. त्यात लॅपटॉपपासून कंपनीपर्यंतची माहिती सांकेतिक रूपात जाते आणि वाय-फायवर दुसरे कोणी असले तरी त्याला ती वाचता येत नाही. शिवाय इंटरनेट कंपनीला जोडणीची स्थिती स्वतःच्या यंत्रणेतूनच तपासता येते. त्यासाठी ग्राहकाच्या मोबाईलचा पडदा पाहण्याची तिला काहीच गरज नसते. असा फोन आल्यास तो ठेवून द्यावा आणि बिलावर छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः विचारावे.

वाय-फायची काळजी घ्यायला हवीच, आणि ती कोणाही अनोळखी माणसाशिवाय घेता येते. आम्ही दोघांनी राउटरच्या त्याच पानावर बसून ती घेतली. वाय-फायचा पासवर्ड आणि राउटरच्या पानाचा पासवर्ड वेगवेगळे असतात. दुसरा बहुतेक घरांत कंपनीने दिला तसाच राहतो, तो आधी बदलला. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ ही वाय-फायवरील माहिती सांकेतिक करणारी नवी पद्धत निवडली. जुन्या राउटरवर ती नसेल तर आधीची डब्ल्यूपीए२ चालते. बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद केली आणि पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने वाय-फाय जोडून देणारे डब्ल्यूपीएसही बंद केले. डब्ल्यूपीएसचा आठ अंकी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे तो शोधण्यासाठी दहा कोटी नव्हे तर जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्येच उघड झाले होते. टीव्ही आणि पाहुण्यांचे मोबाईल आता गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे त्याच राउटरच्या वेगळ्या वाय-फायवर आहेत, ऑफिसचा लॅपटॉप वेगळा आहे.

गेलेल्या पैशांपैकी काही रक्कम दुसऱ्या एका खात्यात गोठवली गेली आहे, ती अजून परत मिळालेली नाही. मध्यंतरी 'सायबर विभागा'तून म्हणून एक फोन आला आणि पैसे सोडवून देण्यासाठी शुल्क मागण्यात आले. एकदा फसलेल्या माणसाला असा दुसरा फोन अनेकदा येतो, हे लक्षात असू द्यावे. ताईने तक्रारीचा क्रमांक विचारताच पलीकडून फोन बंद झाला, आणि तो नंबरही तिने पोलिसांकडे दिला आहे. ज्यांना असा फोन आला पण पैसे गेले नाहीत, त्यांनी दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावरील 'चक्षू' या सुविधेत तो नंबर अवश्य नोंदवावा.