इंडक्शनवर एरर आला की लगेच "बोर्ड गेलं" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

आईकडे (चिंचवडला) चहा, दूध, भात सगळं इंडक्शनवरच होतं. मागच्या महिन्यात चालू केलं की लगेच बीप बीप आणि स्क्रीनवर ई3, पुढे काहीच नाही. तिने मोबाईलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं, सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला, कोणीही हेच करेल. तासाभरात माणूस हजर, टी-शर्टवर कंपनीचं नाव, गळ्यात आयकार्ड. मागचे स्क्रू काढले, आत बघितलं आणि म्हणाला काकू, व्होल्टेज जास्त आलं, आतलं सर्किट बोर्ड (पीसीबी) जळालंय, नवीन टाकावं लागेल. तपासायचा मीटर (मल्टिमीटर) बॅगेतून बाहेर काढलासुद्धा नाही. व्हिजिटचे 350 आणि बोर्डचे 2,600, असे 2,950 रुपये कुणाच्या तरी पर्सनल नावाच्या यूपीआयवर घेतले, बिल मागितलं तर एसएमएसवर येईल म्हणाला, आणि जुनं बोर्ड "कंपनीत जमा करावं लागतं" असं सांगून पिशवीत घालून घेऊन गेला. एवढ्या पैशात अख्खं नवीन इंडक्शन येतं हो!

थोडे दिवस चाललं आणि परत बंद. त्या नंबरवर आधी "पाठवतो माणूस" आणि नंतर फोन उचलणंच बंद. मग मी वॉरंटी कार्डवरच्या नंबरला फोन केला तर आमच्या नावाने कुठली तक्रारच नोंदलेली नाही, असा कुणी माणूस पाठवलेलाच नाही, आणि वॉरंटीचे काही महिने शिल्लक असूनसुद्धा स्क्रूवरचं सील फाटलेलं असल्यामुळे आता फुकट रिपेअर मिळणार नाही. याचाच जास्त संताप आला, कारण खऱ्या कंपनीचा माणूस आला असता तर एक रुपया लागला नसता.

शेवटी चिंचवडगावातल्या एका जुन्या रिपेअरिंगवाल्या दादांकडे नेलं. त्यांनी उघडून माझ्यासमोर दाखवलं. आत बसवलेलं बोर्ड कंपनीचं नव्हतंच, बाजारात मिळतं ते कुठल्याही इंडक्शनला बसणारं युनिव्हर्सल किट होतं, त्यावर कंपनीचं नाव नाही काही नाही. म्हणून तर आई म्हणत होती की दूधचं बटण दाबलं की दुसरंच काहीतरी चालू होतं. आणि मूळ बिघाड जिथल्या तिथे! काचेखाली कॉइलच्या (तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याच्या) मधोमध एक मण्याएवढा सेन्सर असतो, दोन बारीक वायरींचा, तो भांड्याची उष्णता मोजतो. दादांनी प्लग काढलेला असताना त्याला मीटर लावला, चांगला असेल तर गार असताना साधारण 100 किलोओहम दाखवतो आणि बोटात धरून गरम केला की आकडा उतरायला लागतो. आमचा काहीच दाखवत नव्हता, वायर हलवली की मधेच आकडा यायचा आणि जायचा. म्हणजे वायर आतून तुटलेली. नवीन सेन्सरचे आणि मजुरीचे मिळून त्यांनी 150 रुपये घेतले. नेलेलं चांगलं बोर्ड आता दुसऱ्या कुणाच्या तरी इंडक्शनमध्ये टाकून परत पैसे घेतले जाणार, असं त्यांचं म्हणणं, आणि मलाही तेच वाटतं.

त्यांनी जे समजावलं ते प्रत्येकाला माहीत असायला पाहिजे म्हणून लिहिते. एररचे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे, एकीचा ई3 म्हणजे दुसरीचा ई3 नाही, पुस्तिकेतच बघायचं. पण एरर कधी येतो ते नीट बघा. गार इंडक्शन चालू केल्या केल्या आला तर बहुतेक वेळा सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर. पाच-दहा मिनिटं चालून मग आला तर फॅन अडकलाय किंवा मागच्या जाळीत धूळ आणि तेलकटपणा बसलाय, झुरळंही आत उबेला जाऊन बसतात. ठरावीक वेळेलाच येत असेल तर घरातलं व्होल्टेज कमी-जास्त होतंय. आणि स्क्रीनच पेटत नसेल, फ्यूज उडालेला असेल, तेव्हा आयजीबीटी (कॉइलची वीज चालू-बंद करणारा पार्ट) किंवा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा पार्ट) गेलेला असण्याची शक्यता जास्त, आणि तोसुद्धा सुटा बदलता येतो, आयजीबीटी शे-दोनशे रुपयांत मिळतो, सरळ अख्खं बोर्ड बदलायची गरज प्रत्येक वेळी नसते. ज्या इंडक्शनचा डिस्प्ले पेटतोय, बटणं चालतायत, कोड दाखवतोय त्याचं बोर्ड "जळालंय" असं कोणी मीटर न लावता म्हणत असेल तर तिथेच थांबवा. स्वतः मात्र उघडू नका, आत 300 व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या पार्टमध्ये) थोडा वेळ राहतो.

नंबर फक्त बॉक्सवरचा, पुस्तिकेतला किंवा वॉरंटी कार्डवरचा. फोनवर तक्रार क्रमांक मागा आणि आलेला माणूस तोच क्रमांक सांगतो का बघा. काढलेला पार्ट आपला आहे, तो सोडू नका. बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे तोंडावर सांगायला घाबरू नका.

मी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फसवणुकीची आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर अशा दोन्ही तक्रारी केल्यात. पेमेंटचा व्यवहार क्रमांक आणि समोर दिसलेलं नाव यांचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, तक्रार करताना तेच लागतं. चौकशी करताना कळलं की शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका आजींकडूनही मिक्सरच्या नावाखाली असेच पैसे नेलेत, आणि दोन्ही पेमेंट एकाच यूपीआय नावावर गेलीत. त्यांचा मुलगा आणि मी या शनिवारी पोलीस स्टेशनला एकत्र अर्ज देतोय, पिंपरी-चिंचवड भागात अजून कोणाबरोबर हे झालं असेल तर स्क्रीनशॉट घेऊन आमच्याबरोबर या.