स्टेडियमची साउंड सिस्टीम बसवून घेतली, एका वर्षाचा अनुभव

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी जे स्टेडियम आहे त्याच्या समितीवर मी आहे आणि साउंडचं काम माझ्याकडे होतं. काम होऊन आता एक वर्ष झालं, एक उन्हाळा, एक पावसाळा, दोन मोठ्या कबड्डी स्पर्धा, शाळांच्या स्पर्धा, २६ जानेवारी, १ मे सगळं त्यावर झालंय, म्हणून आता लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. कंपनीचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि एक काम अजून बाकी आहे.

आधी मैदान कसं आहे ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मध्ये ४०० मीटरचा ट्रॅक, पश्चिमेला छप्पर असलेलं पॅव्हेलियन आणि बाकी तीन बाजूंना उघड्या काँक्रीटच्या पायऱ्या, वर छप्पर नाही काही नाही, साधारण १२ हजार माणूस बसतं. पॅव्हेलियनपासून समोरच्या पायऱ्यांमागची भिंत १३० मीटरवर आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे इथून तिथे जायला त्याला ०.३८ सेकंद लागतात आणि भिंतीवर आपटून परत यायला पाऊण सेकंद. हा पाऊण सेकंद आम्हाला इतकी वर्षं छळत होता आणि आम्हाला माहीतच नव्हतं.

पूर्वी दर कार्यक्रमाला भाड्याचा साउंड यायचा. पॅव्हेलियनसमोर दोन बाजूंना टॉपची, म्हणजे मोठ्या स्पीकर पेट्यांची, उंच थप्पी आणि ट्रॅकभोवती खांबांवर आठ भोंगे. आवाज भरपूर, पुढच्या रांगेतली माणसं कानात बोटं घालून बसायची आणि दक्षिणेच्या पायऱ्यांवर बसलेल्याला विचारलं की चढाईला कोण गेलं तर सांगता येत नव्हतं. कारण आठही भोंगे एकाच क्षणी बोलतात पण तुमच्या कानाला जवळचा आधी पोचतो, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा, शेवटी पॅव्हेलियनचे टॉप, एक शब्द पाच वेळा ऐकू येतो आणि पाचही एकमेकांवर चढतात. राष्ट्रगीताला तर फार वाईट वाटायचं. पॅव्हेलियनमध्ये म्हणून संपलेलं असायचं आणि समोरच्या बाजूचं 'जय हे' नंतर येऊन पोचायचं.

सगळ्यात जास्त त्रास आमच्या निवेदक सरांना. निवृत्त पीटी शिक्षक, कबड्डी आणि कुस्तीचं निवेदन त्यांच्यासारखं आमच्या भागात कोणी करत नाही, पण मैदानावर माइक हातात घेतला की ते अडखळायचे. आपलाच आवाज थोडा उशिरा कानावर आला की माणसाची जीभ अडकते, हे मला नंतर कळलं. सरांनी त्यावर त्यांचा उपाय काढला होता, तीन शब्द बोलायचे, थांबायचं, भिंतीवरचा आवाज येऊन गेला की पुढचे तीन. पकड झाली, बोनस गेला, लोण चढला तरी सरांचं वाक्य मागेच. आम्हाला वाटायचं वय झालं.

निधी मंजूर झाला तेव्हा तीन कोटेशन आली. दोघांनी मैदान न बघताच यादी पाठवली होती, इतके टॉप, इतके बेस, इतके हजार वॅट. समितीत वॅटचा आकडा बघून माना डोलायला लागल्या होत्या. इथे कोणी स्टेडियमचं काम काढणार असेल तर हे लक्षात ठेवा, वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम फरक कळतो. आणि अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल जातात. तेव्हा लांबून जोरात ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन हळू बोलणं केव्हाही स्वस्त. तिसऱ्या कंपनीनं यादी दिलीच नाही, म्हणाले आधी मैदान बघू, मोजू, आणि डिझाइनचे पैसे वेगळे द्यावे लागतील, पुढचं काम आम्हाला दिलं नाही तरी. समितीत यावरून चांगलाच वाद झाला की नुसत्या कागदाचे पैसे कशाला. मी अडून बसलो, आणि या सगळ्या खर्चात सगळ्यात कारणी लागलेले पैसे तेच.

त्यांचा इंजिनियर पहाटे साडेपाचला आला, वारा पडलेला असतो म्हणून. सोबत लॅपटॉप, मोजमापाचा बारीक माइक आणि फुग्यांचं पाकीट. मैदानात एकेका ठिकाणी उभा राहून फुगा फोडायचा आणि त्याचा आवाज किती वेळ रेंगाळतो, कुठून कुठून परत येतो ते रेकॉर्ड करायचं. लॅपटॉपवर पहिली रेघ उंच आली आणि पाऊण सेकंदावर दुसरी, लहान पण अगदी वेगळी उठून दिसणारी. तो म्हणाला हीच तुमची पूर्वेची भिंत. मी तिथेच उभा होतो, अंगावर काटा आला, इतकी वर्षं जे कानानं भोगलं ते डोळ्यांनी पहिल्यांदा दिसलं.

मैदानाचं नीट ड्रॉइंग कोणाकडेच नव्हतं (हे बहुतेक ठिकाणी असणार), ते त्यांनी लेझरनं मापं घेऊन स्वतः काढलं. मग कॉम्प्युटरवर मॉडेल करून दाखवलं, कुठल्या पायरीवर किती डेसिबल आणि शब्द किती स्पष्ट, रंगात. शब्दांच्या स्पष्टतेचं शून्य ते एक असं माप असतं, एसटीआय म्हणतात, निदान ०.५ तरी हवं असा सर्वसाधारण दंडक. आमच्या जुन्या भोंग्यांचं ०.५ च्या बरंच खाली आलं. करारात आम्ही वॅट लिहिलेच नाहीत, प्रत्येक झोनला, म्हणजे मैदानाच्या प्रत्येक वेगळ्या भागाला, एसटीआय किती मिळाला पाहिजे ते लिहिलं आणि बिलाचा हप्ता त्याला बांधला. हे सुचवलं पण त्यांनीच, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

आता डिझाइन. वानखेडेला २०११ च्या वर्ल्ड कपआधी जे काम झालं त्यात वर कापडी छत आलं, नेरूळच्या डी. वाय. पाटीलला खांब नसलेलं पुढे आलेलं छत आहे, अशा ठिकाणी छताच्या कडेला स्पीकर टांगून खाली प्रेक्षकांवर सोडता येतो. आमच्याकडे तीन बाजू उघड्या. म्हणून पायऱ्यांच्या मागे उंच खांब, प्रत्येकावर एक हॉर्नवाला स्पीकर आणि त्याचं तोंड खाली झुकवलेलं, इतकं की आवाज पहिल्या पायरीपाशी संपावा. खांब पायऱ्यांच्या पुढे घातले असते तर आवाज मागच्या कॉलनीत गेला असता. आता तुमचा खांब तुमच्यापासून २५ मीटरवर आणि समोरचा दीडशे मीटरवर, म्हणजे सहापट लांब, नुसत्या अंतरानंच तो १५ डेसिबलनं कमी होतो, शिवाय त्याचं तोंड तुमच्याकडे नाहीच, म्हणून तो येतो उशिरा पण शब्द बिघडवत नाही. पॅव्हेलियनमध्ये छपराच्या कैच्यांना छोटे स्पीकर, दोन रांगा, मागची रांग दहा मीटर मागे आहे म्हणून तिला ३० मिलिसेकंद उशीर दिलाय, आवाज मीटरला साधारण ३ मिलिसेकंद घेतो ना, तो हिशोब. मागे बसलेल्याला वाटतं आवाज समोरूनच येतोय. मी स्वतः जाऊन बसलो, तो उशीर बंद करून दाखवायला सांगितला, बंद केल्याबरोबर सगळं गढूळ झालं.

सहा झोन केलेत, त्यातला मैदानाचा झोन वेगळा, म्हणजे खेळाडूंच्या डोक्यावर निवेदन आदळत नाही. गर्दीचा आवाज मोजणारे दोन माइक आहेत, आरडाओरडा वाढला की सिस्टीम स्वतः थोडी वर जाते, शांत झालं की खाली येते, वरची मर्यादा कुलूपबंद. पूर्वेकडचं अँपचं (अँप्लिफायरचं) रॅक फायबरनं जोडलंय कारण साधी नेटवर्क केबल १०० मीटरच्या पुढे भरवशाची नाही.

आणि गेटबाहेरचा झोन. हा मूळ डिझाइनमध्ये नव्हता, समितीनं नंतर मागितला. ४ जून २०२५ ला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली आणि ११ जण गेले, ती बातमी वाचल्यावर आमच्यातल्या कोणालाच आपलं गेट नजरेसमोरून हलेना. आमच्या मुख्य गेटचा रस्ता अरुंद आहे, फायनलला तिथे माणूस मावत नाही आणि आत काय चाललंय, जागा आहे की भरलंय हे बाहेरच्याला कळायला मार्गच नव्हता. आता चारही गेटला स्पीकर आहे, लाइट गेली तरी बॅटरीवर अर्धा तास चालतो, आणि पोलीस ज्या खोलीत बसतात तिथे एक माइक आहे, त्याचं बटण दाबलं की बाकी सगळं, गाणी, निवेदन, गप्प होतं. हे करण्याचा खर्च फार नव्हता. नवीन काम काढणाऱ्यानं हे पहिल्या दिवसापासून धरावं.

आता तक्रारी. पहिली, कोटेशनमध्ये खांबांचा पाया, चर खोदाई आणि केबलचा पाइप धरलेलाच नव्हता, तळाशी बारीक अक्षरात 'सिव्हिल काम ग्राहकाकडे' असं होतं. माझीही नजर त्यावरून गेली होती, पण त्याचा आकडा स्पीकरच्या आकड्याच्या जवळ जाईल हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी तोंडानं सांगायला पाहिजे होतं. काम तीन महिने त्यातच लांबलं.

दुसरी तक्रार पावसाळ्यातली. स्पीकर चांगले आहेत, धूळ आणि पाण्याला टिकणारे, आयपी ५५ चे, त्यांना काही झालं नाही. पण खांबांवरच्या जंक्शन बॉक्सना केबल आत जायची भोकं वरच्या बाजूनं पाडली होती! जुलैच्या झडीत केबल जिथून आत जाते त्या ग्लँडमधून पाणी आत उतरलं आणि दक्षिणेचे दोन झोन गेले. १५ ऑगस्ट तोंडावर, फोनवर 'उद्या येतो' करत माणूस नवव्या दिवशी आला. आल्यावर मात्र दोन पोरांनी रात्रभर उभं राहून सगळे बॉक्स उलटे करून लावले, खालून भोकं, केबलला खाली झोळ देऊन, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला टपकून जातं. तेव्हापासून एकदाही बंद नाही. त्या पोरांच्या कामाला तोड नाही, पण नऊ दिवस ते नऊ दिवस. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, करारात आता ४८ तास लिहून घेतलेत.

तिसरी, सगळे उशीर, लेव्हल, झोन ज्या डीएसपीत (आवाजाचा सगळा हिशोब करणारं मशीन) भरलेत त्याचा पासवर्ड आणि फाइल त्यांनी आपणहून दिली नाही. मागितल्यावर टाळाटाळ, म्हणे तुमच्या माणसानं बिघडवलं तर. अहो, पण मशीन आमचं आहे. शेवटचा हप्ता अडवल्यावर दोन दिवसांत फाइल, पासवर्ड आणि केबल प्रत्यक्ष कुठून गेलीय त्याचं ड्रॉइंग, तिन्ही मिळालं. ट्रेनिंगही एकच दिवस दिलं, आमच्या शिपायाला आणि दोन पोरांना ते पुरलं नाही, तिसऱ्यांदा बोलवावं लागलं तेव्हा कुठे हात बसला.

एक गोष्ट टेस्टिंगबद्दल. रिकाम्या मैदानात आवाज ऐकून मत बनवू नका. रिकामं काँक्रीट आवाज परत फेकतं, माणसं बसली की अंगावरचे कपडे आणि माणसं मिळून बराच आवाज पिऊन टाकतात. आमचे एक सदस्य रिकाम्या पायऱ्यांवर उभे राहून 'घुमतंय, घुमतंय' म्हणत होते आणि भरल्या मैदानात तेच म्हणाले की आता बरं आहे. आणि रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद हा २००० सालचा नियम आहे, सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस १२ पर्यंत सूट देतं तेवढीच. आमच्या प्रकाशझोतातल्या सामन्यांना हे आडवं येतं, पण नवीन सिस्टीमवर कॉलनीतली तक्रार खरंच थांबली, आधी दर स्पर्धेला एक तरी अर्ज यायचा.

पहिल्या कबड्डी स्पर्धेला सर आले तेव्हा त्यांना कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं. निवेदकाच्या टेबलाजवळचा स्पीकर मुद्दाम बंद ठेवलाय आणि कानाला हेडफोन दिलाय, त्यात त्यांचा आवाज लगेच येतो, भिंतीवरचा नाही. त्यांनी सवयीनं तीन शब्द म्हटले आणि थांबले. वाट बघत राहिले. काहीच आलं नाही. मग माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्यानंतर पूर्ण चढाई, रेषेला पाय लागल्यापासून पकड होईपर्यंत, एका दमात. समोरच्या पायऱ्यांवरून टाळी आली. मध्यंतरात चहा घेताना सर एवढंच म्हणाले, "आज समोरचे लोक माझ्याबरोबर हसले रे, आधी माझ्यानंतर हसायचे."

पाचपैकी चार देतोय. डिझाइन, मोजणी आणि आवाजाला पूर्ण पाच, सर्व्हिसला तीन. ईशान्येच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी आडवी आल्यानं दोन खांबांमध्ये अंतर जास्त पडलंय, तिथल्या वरच्या चार पायऱ्यांना शब्द अजून पुसट येतात. एक छोटा स्पीकर टाकीच्या भिंतीवर लावून देतो म्हणालेत, दिवाळीनंतर. लागला की मी वर जाऊन बसतो आणि इथेच लिहितो.