टॅकॅन की डेस्टिनेशन? टॉमकॅटमध्ये वाट कुणाला विचारायची

घरच्या पीसीवरच्या सिम्युलेटरमध्ये एफ-१४ टॉमकॅट हे अमेरिकी नौदलाचं लढाऊ विमान उडवायला घेतलं की आपल्याकडची पोरं हमखास अडतात ती पायलटसमोरच्या स्टिअरिंगच्या (वाट कशावरून दाखवायची ते ठरवणाऱ्या) पाच बटणांपाशी: टॅकॅन, डेस्टिनेशन, एडब्ल्यूएल, व्हेक्टर, मॅन्युअल. एका वेळी एकच चालतं. खरी निवड पहिल्या दोनांतली.

रत्नागिरी ते दाबोळी घ्या, हवाई अंतर साधारण १०० सागरी मैल. दाबोळीला टॅकॅन केंद्र (विमानांना वाट दाखवणारं लष्करी रेडिओ केंद्र) आहे असं धरू. चॅनेल लावलं की ते दिशा आणि अंतर सांगतं. दीपगृहच म्हणा ना, दिसतंय तोवर चिंता नाही. पण ते किती लांबून दिसणार, हे तुमच्या उंचीवर ठरतं. १०,००० फुटांवर सुमारे १२० मैलांवरूनही सिग्नल मिळतो, म्हणजे रत्नागिरी सोडतानाच सुई दाबोळीकडे वळलेली. ५०० फुटांवर मात्र जेमतेम २७ मैल. लाटांना चिकटून निघालात तर वेंगुर्ला मागे पडेपर्यंत सुई नुसती शोधत फिरणार.

दुसरी गोम वाऱ्याची. नुसती सुई नाकासमोर धरून उडालात तर पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा विमानाला किनाऱ्याकडे लोटतो आणि तुम्ही वाकड्या वाटेनं पोचता. त्यापेक्षा कोर्स (केंद्राकडे जाणारी ठरावीक रेषा) लावून डेव्हिएशन बार (त्या रेषेपासून किती ढळलात ते दाखवणारी पट्टी) मध्यावर ठेवा.

डेस्टिनेशनला बाहेरचं काही लागत नाही. जायरो आणि अॅक्सेलरोमीटरवर चालणारी आयएनएस (विमानातली दिशादर्शक यंत्रणा) आपली जागा स्वतः मोजत राहते आणि मागे बसलेल्या आरआयओनं (रडार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यानं) निवडलेल्या बिंदूकडे नेते. उंचीचं बंधन नाही, डोंगराची आड नाही. मात्र उडण्याआधी अलाइनमेंटला (आयएनएसला सुरुवातीची जागा आणि दिशा पक्की करू द्यायला) काही मिनिटं द्यावी लागतात (मध्येच लाईट गेली की सगळं पहिल्यापासून, आणि कोकणात जुलैत लाईट जातेच). शिवाय तासाला साधारण एक मैल चूक साचत जाते. ४०० नॉटनं (ताशी ४०० सागरी मैल) दाबोळी पंधरा मिनिटांवर, तेवढ्यात पाव मैल. ती सोडून द्या.

घोळ होतो तो विमानवाहू जहाजावर परतताना. २० नॉटनं चालणारं जहाज तासाभरात २० मैल सरकलेलं असतं, आणि डेस्टिनेशन तुम्हाला इमानेइतबारे निघाल्या जागीच नेऊन सोडतं, जिथे खाली फक्त पाणी. टॅकॅनचं केंद्र जहाजावरच असतं, म्हणून परतीला टॅकॅन.

माझं मत विचाराल तर नवख्यानं उंचावरून, टॅकॅनवर सुरुवात करावी. खालून उडायचं किंवा लांब जायचं असेल तर डेस्टिनेशन. पण वाटेत टॅकॅन मिळालं की आरआयओला फिक्स घ्यायला (टॅकॅनवरून आयएनएसची जागा दुरुस्त करायला) सांगा, साचलेली चूक निघते. दाबोळीवरून २०१६पर्यंत उडालेल्या आपल्या नौदलाच्या सी हॅरियर विमानांमध्ये जायरोला डॉपलर रडारची (खालच्या पृष्ठभागाच्या तुलनेत वेग मोजणाऱ्या) जोड होती, ती तऱ्हाच वेगळी.

उरलेली तीन बटणं: व्हेक्टर डेटालिंकवरून (रेडिओनं थेट विमानाच्या संगणकाला) हुकूम येतो तेव्हा, एडब्ल्यूएल (कुठल्याही हवामानात उतरण्याची सोय) उतरताना. मॅन्युअलमध्ये कोर्स-हेडिंग तुम्हीच फिरवायचं, आणि वाऱ्याचा हिशोबही तुमचाच.