पाच फुटी फळी आणि रोजची पंधरा मिनिटं : ‘हार्वर्ड क्लासिक्स’

कराडात आमचं औषधाचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक तुरळक असतं, तेव्हा मी काउंटरवर बसून मोबाइलवर वाचते. त्या वेळात बसेल असं काही शोधताना ‘हार्वर्ड क्लासिक्स’ हा जगभरच्या नावाजलेल्या जुन्या पुस्तकांचा इंग्रजी संच सापडला.

हार्वर्ड विद्यापीठाचे चाळीस वर्षं अध्यक्ष असलेले चार्ल्स एलियट म्हणायचे, पाच फुटी फळीवर मावतील एवढी पुस्तकं रोज पंधरा मिनिटं मन लावून वाचली, तरी कॉलेजच्या शिक्षणाची बरीचशी उणीव भरून निघेल. कॉलियर नावाच्या प्रकाशकाने ते उचलून धरलं आणि १९०९-१० मध्ये पन्नास खंड काढले. सोबत वर्षभराच्या रोजच्या वाचनाची एक पुस्तिकाही मिळते. १ जानेवारीला फ्रँकलिनचं आत्मचरित्र, ३ जानेवारीला प्राचीन रोमचा वक्ता सिसेरो याचा मैत्रीवरचा निबंध, कारण त्या दिवशी त्याचा जन्म. आपल्याकडे घरोघरी नित्यपाठ असतो, त्यामुळे नेमून दिलेला उतारा वाचणं मला जड गेलं नाही.

पण हिशेब करा. सगळे खंड मिळून सुमारे २२,००० पानं. माझ्यासारखीला पंधरा मिनिटांत जुन्या वळणाच्या इंग्रजीची सहा पानं झाली तरी खूप. म्हणजे दहा वर्षं! पुस्तिका हे असं सोडवते की प्रत्येक खंडातला तुकडा तुकडा हातावर ठेवते, प्रसादासारखा. चव कळते, पोट भरत नाही. आज मिल्टनची कविता, उद्या दुसराच कुणी, आणि कालचं कशात होतं ते आठवतही नाही.

मी ते वेळापत्रक सोडलं आणि ३८वा खंड सलग धरला. वैद्यकाचे मूळ निबंध आहेत त्यात : हार्वी, जेनर, लिस्टर, पाश्चर. देवीची लस शोधणारा जेनर सांगतो, १४ मे १७९६ रोजी गवळणीच्या हातावरच्या, गाईंपासून लागणाऱ्या सौम्य देवीच्या फोडातला स्राव घेऊन आठेक वर्षांच्या पोराच्या दंडावर अर्ध्या इंचाच्या दोन उथळ चिरा दिल्या. पुढे १ जुलैला त्याला चक्क देवीचा स्राव टोचला, आणि रोग झाला नाही. आज अशी परवानगी कोण देईल? लिस्टर तर मला आमच्याच लाइनचा वाटला. एक भाग कार्बोलिक ॲसिड, चार भाग उकळलेलं जवसाचं तेल, त्यात खडूची पूड कालवून घट्ट लांबी (पुट्टी) करायची आणि जखम सडू नये म्हणून तिच्यावर लावायची. १८६७ चा हा निबंध वाचताना फिनेलचा वास येतो.

तिसाव्या खंडात शास्त्रज्ञ फॅरेडेची मेणबत्तीवरची व्याख्यानं आहेत, ती मुलांसाठी दिलेली. भाचा नववीत आहे, त्याला वाचून दाखवली. त्याने विझवलेल्या मेणबत्तीचा धूर पेटवून पाहिला. (घरात करताना शेजारी बादली ठेवा.)

‘जगातलं उत्तम’ म्हणून विकलं जातं त्यात युरोप-अमेरिकाच जास्त. आपली गीता आहे, एडविन अर्नोल्डच्या इंग्रजी पद्यात, आणि बौद्ध ग्रंथांतले काही भाग. नाटकांना एवढी जागा दिली, पण कालिदास नाही. अर्नोल्डची गीता मी दोन अध्यायांवर सोडली. श्लोक पाठ असलेल्या माणसाने त्या वाटेला न गेलेलं बरं.

संचाचे हक्क संपलेत, त्यामुळे बहुतेक सगळं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. मी आधी एका विक्रेत्याकडून ई-बुकचा अख्खा संच विकत घेतला, तर पुस्तिकेतले पान क्रमांक त्यात कुठेच जुळेनात. शेवटी लेखकाच्या आणि प्रकरणाच्या नावाने शोधावं लागलं. घेणार असाल तर आधी नमुना डाउनलोड करून अनुक्रमणिकेवरून हवं ते प्रकरण उघडतं का ते बघा. छापील जुना संच मिळाला तरी मी घेणार नाही. पाच फूट फळी आमच्या दुकानात सिरपलाच पुरत नाही.