तरुण संघ की एकेकाला वेळ?

चर्चच्या मंडळीतल्या तरुणांसाठी काय करावं, असा विषय निघाला की दोन वाटा समोर येतात: दर आठवड्याचा तरुण संघ, नाहीतर अनुभवी माणसाने एकादोघांना हाताशी धरणं.

संघाची परंपरा जुनी आहे. 1844 साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स आणि त्याच्या सोबत्यांनी वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना सुरू केली. ते कापड दुकानांत राबणारे तरुण होते. प्रार्थना, बायबलचा अभ्यास आणि चांगली संगत हवी होती. आज गावाकडून पुण्याला शिकायला आलेल्या मुलालाही तेच हवं असतं. नाताळच्या नाटिकेत, ढोलकीवर बसून लाजरी मुलंही खुलतात.

पण चाळीस जणांत एखादा गप्प झाला तर कळतही नाही. बारावीत नापास झालेला, घरात दारूचा त्रास असलेला, श्रद्धेविषयी शंका असलेला मुलगा सगळ्यांसमोर तोंड उघडत नाही. एकेकाला वेळ देण्याचं उदाहरण बायबलमध्येच आहे: प्रेषित पौलाने तीमथ्य या तरुण सोबत्याला प्रवासात बरोबर नेलं, जबाबदारी दिली, पत्रात त्याच्या पोटाच्या दुखण्याचीही काळजी केली. असं घडवायला वेळ फार लागतो, आणि तसा वेळ देणारी माणसं कमी. शिवाय बंद दाराआड भेटी नकोतच. पालकांना माहीत हवं, जागा चारचौघांत हवी. यात मंडळीने जराही ढिलाई करू नये.

जिथे मुलं पाच-सहाच आहेत, तिथे संघाचा हट्ट सोडून एकेकाला वेळ द्यावा, असं मला वाटतं. मोठ्या मंडळीने संघ जरूर चालवावा, पण लागोपाठ दोन रविवार न दिसलेल्या मुलाला फोन कोण करणार, हे आधी ठरवून.