यू डोन्ट नो जॅक: लाईन असताना एक, नसताना दुसरा

सहा महिने वापरल्यावरचं मत असं, की हा गेम कशावर घ्यायचा ते ग्राफिक्स पाहून ठरवू नका. गावात लाईन आणि नेट किती टिकते ते पाहा.

आहे प्रश्नमंजूषाच. पण सूत्रसंचालक टोमणे मारत प्रश्न इतका फिरवून विचारतो, की उत्तर येणाराही गडबडतो.

१९९५ पासूनचे जुने भाग स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, मिळतात. स्टीम ऑफलाइन मोडला टाकून ठेवलं की नेटची गरज नाही. एकाच कीबोर्डवर तिघं बसतात: क्यू, बी आणि पी हे तिघांचे बझर, एस म्हणजे स्क्रू. स्क्रू लावला की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. त्याचं बरोबर निघालं तर खेळातले पैसे स्क्रू लावणाऱ्याचेच जातात. डाव ७ प्रश्नांचा घ्या. २१ चा घेतला आणि लाईन गेली, तर जुन्या लॅपटॉपची बॅटरी मधातच मान टाकते.

नवे भाग जॅकबॉक्स पार्टी पॅक या गेमच्या संचांमध्ये आहेत. पहिल्या पॅकमध्ये (२०१४) चौघं खेळतात, पाचव्यात (२०१८) आठ जण, आणि दोन्हींत आणखी चार-चार गेम. विकत एकानंच घ्यायचा. बाकीचे मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चार अक्षरी कोड टाकून येतात. लॅपटॉप एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडला की ओसरीतले सगळे खेळात. पण सगळे एकाच खोलीत असले तरी नेट लागतंच. लाईन गेली की राऊटर बंद, म्हणून लॅपटॉप सुरुवातीपासून मोबाईलच्या हॉटस्पॉटवरच ठेवा. आवाज ब्लूटूथ स्पीकरवर देऊ नका. तो उशिरा येतो आणि इथं लवकर उत्तराला जास्त पैसे.

प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विचवरही पॅक आहेत, पण एकावर घेतलेला दुसऱ्यावर चालत नाही. कन्सोल घरात नसेल तर यासाठी मुद्दाम घेऊ नका. लॅपटॉपच बरा; स्टीमचा सेल लागेपर्यंत थांबा.

खरी अडचण इंग्रजीची. यमकावरून वाक्य ओळखायचा गिबरिश प्रश्न मराठी शाळेतल्या पोट्ट्यांना जड जातो, अमेरिकन टीव्हीचे प्रश्न तर सगळ्यांनाच. डिसऑरडॅट मात्र जमतो: सात नावं, प्रत्येक या गटातलं की त्या, एवढंच.

काही महिन्यांनी तेच प्रश्न फिरून येतात आणि एखाद्या पोट्ट्याचे पाठ होतात. त्याला बझर देऊ नका, प्रश्नाचं मराठी करून सांगायला बसवा.